विमानाखालचा नारळ

विमान उडवायला जाताना मी आईचा पाट घेऊन जायचे. हो, जेवायला बसायचा लाकडी पाट. दर रविवारी पप्पांच्या बाइकवर मागे मी, पाठीवर सॅक, एका हातात विमानाचं धड, दुसऱ्या हातात पंख आणि काखेत पाट. चिखलीतल्या आमच्या सोसायटीचा वॉचमन गेट उघडताना न चुकता विचारायचा, "ताई, आज कुणाकडं सत्यनारायण?"

पाट कशाला ते आधी सांगते, कारण पुढं जे काही झालं ते सगळं त्या पाटापासूनच सुरू झालं.

माझं विमान म्हणजे फोमचं, रिमोटवर उडणारं. ताथवड्याला आमच्या कॉलेजमध्ये एक सीनियर होता, तो पास होऊन जाताना हॉस्टेलची रूम रिकामी करत होता, तेव्हा त्यानं ते माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "सांभाळ. लई वेळा मोडलंय, पण उडतं." मोडलंय म्हणजे काय, जिथं बघावं तिथं ग्लू आणि चिकटपट्टी! चाकं कधीच तुटून गेलेली. ते पोटावर उतरायचं, बदकासारखं. पुढं मोटर आणि तिचं पातं, पोटात बॅटरी, आणि बॅटरीच्या मागं काडेपेटीएवढी एक डबी. ती डबी म्हणजे गायरो.

गायरो म्हणजे जादू आहे, खरंच सांगते. विमान डावीकडं कललं की त्याला कळतं आणि तुम्ही काही करायच्या आत तो पंखाच्या कडेच्या पट्ट्या हलवून विमान सरळ करतो. वाऱ्यानं धक्का दिला, सरळ. तुम्ही घाबरून रिमोटच्या काड्या सोडून दिल्या, सरळ. फक्त एक आहे. सरळ म्हणजे काय हे त्याला मुळात माहीत नसतं. बॅटरी जोडली की तो थोडा वेळ गप्प बसतो आणि त्या वेळी विमान जसं ठेवलेलं असेल, तेच सरळ असं मनाशी धरून चालतो. मग पंखाच्या पट्ट्या दोनदा फडफडवतो. म्हणजे, कळलं, चला.

आणि शेतात सपाट जागा कुठून आणायची? ढेकळं, बांध, उंदरांची बिळं. म्हणून पाट. पाट टेकवायचा, इकडून तिकडून वाकून बघायचा, खाली माती सारायची, मग त्यावर विमान आणि मग बॅटरी. आई म्हणायची, "जेवताना कधी पाट मांडत नाहीस, आणि त्या थर्माकोलला बरा मांडतेस."

रिमोटवर गायरोचं एक बटण होतं, तीन जागांचं. मी त्यांना नावं ठेवली होती. सगळ्यात वर आई मोड. त्यात विमान फार कलूच द्यायचं नाही, जरा वळलं की लगेच हात धरून सरळ. मधला पप्पा मोड. जाऊ देणार, पण सारखं टोकणार. आणि सगळ्यात खाली हॉस्टेल मोड. गायरो बंद. तू आणि तुझं नशीब.

मी आयुष्यात कधी हॉस्टेलला राहिलेले नाही. त्या बटणावरही नाही.

पप्पा चाकणला एका कंपनीत कॉम्प्युटरवर धातू कापणारं सीएनसी मशीन चालवतात. आम्ही मूळचे लातूरकडचे, माझा जन्म इथलाच, पण पप्पांची भाषा अजून तिकडचीच आहे. पहिल्यांदा मी विमान हवेत नेलं, ते मस्त गोल गोल फिरायला लागलं, मी आनंदानं नुसती किंचाळत होते, आणि पप्पा शांतपणे म्हणाले, "हे तर ऑटोवर हाय की."

"म्हणजे?"

"म्हणजे ते त्याचं त्येच उडायलंय. तू काय करायलीस?"

"मी उडवतेय, पप्पा!"

"तू रिमोट धरून उभी हायस. आमच्याकडं अप्रेंटिस पोरं असतेत की, मशीन चालायलंय आन् हे बटणापाशी हात ठेवून फोटो काढायलेत. तसं."

असा राग आला ना! पण मला स्वतःला माहीत होतं की काड्या सोडल्या असत्या तरी विमान तसंच फिरत राहिलं असतं.

आता जागेचं. आमच्या पट्ट्यात विमान उडवायला जागा शोधून बघा एकदा! चिखलीत मोकळा प्लॉट दिसला की पुढच्या महिन्यात तिथं पत्र्याची शेड, त्याच्या पुढच्या महिन्यात वेल्डिंगच्या ठिणग्या. कॉलेजच्या ग्राउंडवर एका वेळी क्रिकेटच्या चार मॅचेस, कुठल्या बॅट्समनचा कुठला बॉल तेच कळत नाही. बाकी सगळीकडं टॉवर, तारा, होर्डिंग, कंटेनर. मी मॅपवर हिरवं दिसेल तिथं जाऊन यायचे, आणि तिथं पोचेपर्यंत ते हिरवं पिवळ्या जेसीबीखाली गेलेलं असायचं.

मग मामा भेटले. मामा म्हणजे सख्खे नाहीत. पप्पांच्याच कंपनीत, पुढच्या सेक्शनला ते तयार झालेले पार्ट तपासायला असतात, आणि गाव निघोजे, तिथं घरची शेती. चहाच्या सुट्टीत पप्पांनी सहज विषय काढला की पोरगी विमान घेऊन वणवण फिरतीय, तर मामा म्हणाले, "मग आना की आमच्याकडं. एक तुकडा तसाच पडून हाय, शिफ्टमुळं करायला हुतंय कुठं?"

तो तुकडा बघितला आणि मला रडूच यायचं बाकी होतं. एवढी मोकळी जागा! गवत वाळलेलं, मऊ. समोर लांबवर कंपन्यांच्या निळ्या शेडा. उजवीकडं नुसतं माळरान. डावीकडं, एक बांध ओलांडला की मामांचा झेंडू. आणि त्या झेंडूच्या मागून वळून आलं की मामांचं घर, आंब्याचं झाड आणि विजेच्या तारा. म्हणजे नियम साधा होता. उजवीकडं कितीही खेळा, डावीकडं जायचं नाही.

डावीकडं मी दोनदा गेले.

पहिल्यांदा विमान माझ्याकडं तोंड करून येत होतं. तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, म्हणजे त्याचा उजवा तो तुमचा डावा. हे मला पाठ होतं पण बोटांना पाठ नव्हतं. विमान सरळ झेंडूत. मामा तेव्हा हसले. स्वतः आत जाऊन, रोपं बाजूला सारत विमान बाहेर काढलं. "कोंबडीपेक्षा बरं हाय, उकरत तरी न्हाई."

दुसऱ्यांदा मात्र हसले नाहीत. झालं असं की वळण घेताना माझं बोट त्या तीन जागांच्या बटणाला लागलं, ते सरकून एकदम खाली. हॉस्टेल मोड! मला कळलंच नाही काय झालं, विमान पिसाटल्यासारखं उलटं झालं आणि भिरभिरत झेंडूच्या मधोमध पडलं. नवरात्र तोंडावर आलेलं. रोपं कळ्यांनी लगडलेली, आणि त्यातली ओळीनं मोडून पडलेली. मामा बराच वेळ उकिडवे बसून एकेक फांदी उचलून बघत होते. मी पाट छातीशी धरून उभी.

"पोरी," शेवटी ते म्हणाले, "ह्यो झेंडू दसऱ्याचा हाय. वर्षाचं ह्येच एक पीक आमी जीव लावून करतो, बाकी समदं कंपनीच्या वेळात बसवायचं. आता इमान पुन्ना एकदा जरी ह्यात पडलं, तर रान बंद. मग घरात टांगून ठीव, शोपीस म्हणून."

मामी मागून म्हणाल्या, "आवं, लेकरू हाय ते."

"लेकरू हाय म्हणून तर आनखी एक डाव दिलाय. मोठं आसतं तर आत्ताच घालिवलं आसतं."

मी घरी आल्या आल्या वायरिंगची काळी टेप काढली, बटण वर केलं, आई मोडवर, आणि त्यावर टेप गुंडाळली. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा. आता माझं बोटच काय, भूकंप आला तरी बटण हलणार नव्हतं. आणि ठरवलं की दसरा होईपर्यंत निघोज्याला फिरकायचं नाही. ते रान गेलं तर सगळं गेलं, हे मला स्वच्छ दिसत होतं. दुसरी जागा नव्हतीच.

पण खंडेनवमी आली मध्ये.

बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल, पण आमच्या पट्ट्यात दिवाळीइतकीच मोठी खंडेनवमी. आदल्या दिवसापासून कंपन्यांमध्ये मशीन धुऊनपुसून लख्ख, मशीन थंड ठेवणाऱ्या कुलंटचा वास जाऊन उदबत्तीचा वास. पप्पा सकाळीच नवा शर्ट घालून जातात, सीएनसीच्या दाराला झेंडूची माळ घालतात, पॅनेलवर कुंकवाचं बोट लावतात. लेथ असो, टेम्पो असो, टिकाव असो, ज्यावर हात चालतो त्याची त्या दिवशी पूजा. आणि त्या वर्षी मामांनी पप्पांना सांगितलं, "दुपारी जेवाय या. आन् पोरीला म्हणावं इमान घिऊन ये. ते बी मशीनच हाय."

मी म्हणलं, "पप्पा, मी नाही नेणार."

"उडवू नको. पूजेला ठेव नुसतं. ते एवढं म्हणालेत तर."

मग निघालो. विमान, पंख, सॅक, पाट. गेटवर वॉचमन म्हणाला, "आज तरी खरंच पूजा आहे ना, ताई?" मी म्हणलं, "आज खरंच आहे, काका!"

निघोज्याला अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा होता, बॉनेटवर माळ. त्याच्यापुढं नांगर, कुदळी, खुरपी, विळे, फवारणीचा पंप, पप्पांनी बाइकही शेजारी लावली. मामी घाईत होत्या, त्यांना कलश ठेवायला काही सापडेना, आणि त्यांची नजर माझ्या काखेकडं गेली. "बरं झालं बाई पाट आणलास." आणि पाट गेला. त्यावर तांदूळ, त्यावर कलश.

विमान जमिनीवर ठेवायचं झालं. चाकं नाहीत, त्यामुळं ते पोटावर लोळायला लागलं, कधी या पंखावर कधी त्या. पप्पांना ते बघवेना. ते म्हणजे मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, धरायच्या आधी चारदा बघणारे. इकडं तिकडं बघून त्यांनी फोडायला आणलेला नारळ उचलला आणि उजव्या पंखाखाली, अगदी पोटाजवळ, सारून दिला. विमान डाव्या पंखावर रेलून स्थिर झालं. "आता कसं ऐटीत बसलंय बघ. फोटो काढ."

मी फोटो काढला. तो अजून माझ्याकडं आहे. त्या फोटोत पुरावा आहे सगळा.

मामींनी हळदकुंकू लावलं, नाकावर, मग दोन्ही पंखांवर. छोटी माळ घातली. ओवाळलं. आरती झाली. मामांनी ट्रॅक्टरची किल्ली फिरवली, ट्रॅक्टर धडधडला. पप्पांनी बाइकला किक मारली. मग दोघं माझ्याकडं बघायला लागले.

"चालू कर," पप्पा म्हणाले.

"पप्पा, माणसांत पातं नाही फिरवायचं, बोटं जातील."

"पातं नको फिरवू. बॅटरी तर लाव. मशीन चालू केल्याशिवाय पूजा कुठं पुरी व्हायली?"

मी खाली बसले, झाकण उघडलं, बॅटरी जोडली. विमान थोडा वेळ गप्प राहिलं. नारळावर. मग पंखाच्या पट्ट्या दोनदा फडफडल्या, आणि मामींनी टाळ्याच वाजवल्या. मामा म्हणाले, "बगा! नमस्कार केला!"

सगळे इतके खूश झाले की मीही खूश झाले. हात पुढं केला बॅटरी काढायला.

"आं आं!" पप्पा ओरडले. "बंद नाही करायचं. खंडेनवमीला चालू केलेलं मशीन पहिला जॉब काढल्याबिगर बंद करायचं नसतंय."

"पण याचा जॉब म्हणजे…"

आणि मग सगळ्यांच्याच लक्षात आलं याचा जॉब म्हणजे काय.

मी मामांकडं बघितलं. मामा झेंडूकडं बघत होते. अर्धा तोडून झालेला, अर्धा संध्याकाळच्या टेम्पोसाठी अजून उभा, नारिंगी, भरगच्च. तोडणाऱ्या बायका जेवायला गेलेल्या, शेतात कुणीच नव्हतं.

"आमच्या सेक्शनला बी तसंच हाय," मामा म्हणाले. "पयला पार्ट निगाला पायजे. उडीव."

"आणि झेंडूत पडलं तर?"

"पूजा झालीय, पडत न्हाई."

"पण पडलं तर, मामा?"

"तर रान बंद. त्ये काय बदलत न्हाई."

असं असतं बघा! माळ काढली, कुंकू राहू दिलं. बॅटरी चालू असलेलं विमान पप्पांनी लहान बाळासारखं दोन्ही हातांत घेतलं आणि आम्ही मोकळ्या रानात गेलो. मी सवयीनं तपासणी केली. विमान डावीकडं कलवलं, पट्ट्या बरोबर उलट्या दिशेनं हलल्या. उजवीकडं कलवलं, तेही बरोबर. गायरो जागा होता. तो कुठं जागा झाला होता हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

मोटर सुरू केली. पप्पांनी दोन पावलं पळत विमान फेकलं. छान चढलं. आणि डावीकडं वळायला लागलं.

मी उजवी काडी दिली. सरळ झालं. सोडली. परत डावीकडं.

वारा असेल म्हणून मागं बघितलं, तर अंगणातल्या उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. वारा नव्हताच. काडी पुन्हा उजवीकडं, पूर्ण, शेवटपर्यंत दाबून धरली. विमान कसंबसं सरळ झालं, पण उजवीकडं वळायचं नाव नाही. आई मोड! आई फार कलू देत नाही ना! आणि ही आई आज डाव्या बाजूला रेलून बसली होती, तिच्या दृष्टीनं तेच सरळ होतं, आणि मी तिला सरळ उडवायला लागले की तिला वाटत होतं पोरगी वाकडी चालली. विमान बांधाच्या वर आलं. पलीकडं गेलं. खाली सगळं नारिंगी.

आणि एकदम डोळ्यांसमोर तो फोटो आला.

"पप्पा, नारळ!"

"नारळ फोडू की नंतर! तू समोर बघ!"

"तसं नाही! नारळावर ठेवून चालू केलं, त्याला तेच सरळ वाटतंय!"

"मग सांग त्येला!"

"पप्पा!"

डावीकडून वळवून परत आणायचं तर मध्ये घर, आंबा आणि तारा. उजवीकडं ते वळत नव्हतं. समोर झेंडूच झेंडू. खाली उतरवलं तर रान बंद. एकच मार्ग होता आणि तो तीन वेढ्यांच्या काळ्या टेपखाली होता.

"टेप काढा! बटणावरची! मी हात सोडू शकत नाही!"

पप्पांनी नखानं टोक शोधायचा प्रयत्न केला. नखं सकाळीच पूजेसाठी कापलेली. टोक सापडेना. विमान लहान लहान होत चाललेलं, मामा मागून म्हणतायत, "लई लांब चाललंय की गं," मामी देवाचं नाव घेतायत, आणि पप्पांनी काय केलं माहितीये? वाकले आणि दातांनी टेप धरली. माझ्या दोन्ही हातांच्या मध्ये पप्पांचं डोकं! खोबरेल तेलाचा वास, आणि मी त्यांच्या केसांवरून विमान बघतेय. कर्रर्र करून टेप निघाली. पप्पांच्या मिशीला चिकटली.

"दाबू?"

"खाली! एकदम खाली!"

"नक्की? खाली म्हणजे ते…"

"हो! हॉस्टेल!"

पप्पांनी बटण खाली ओढलं.

पहिल्या क्षणी असं वाटलं की विमान हातातून सुटलं. काडी मी अजून पूर्ण उजवीकडं धरलेली, आणि आता अडवणारं कुणी नव्हतं, त्यामुळं ते उजवीकडं इतकं कललं की पोट दिसलं. मी घाबरून डावीकडं दिलं, ते डावीकडं लवंडलं. पुन्हा उजवीकडं. एखादा दारू प्यायलेला माणूस घरी चाललाय तसं. पण पडलं नाही! मी काडी थोडी दिली की ते थोडं ऐकायचं, जास्त दिली की जास्त. मला अचानक कळलं की ते कधी नव्हे इतकं माझं ऐकतंय. एवढे महिने मी गायरोला सांगत होते आणि गायरो विमानाला सांगत होता. आता मध्ये कुणी नाही.

उजवीकडं काडी. हळू. शेपटीची काडी थोडी ओढून धरली. आणि विमान वळलं. झेंडूच्या वर, कंपन्यांच्या निळ्या शेडांच्या समोर, स्वच्छ उजवं वळण! मग ते आमच्याकडं तोंड करून यायला लागलं, म्हणजे आता सगळं उलटं, म्हणजे पहिल्यांदा जिथं फसले तेच. सीनियरनं सांगितलेलं आठवलं, डावं-उजवं विसर, जो पंख खाली झुकलेला दिसेल काडी तिकडं ढकल. पंख झुकला, काडी तिकडं. दुसरा झुकला, काडी तिकडं. मी मोठ्यानं बोलत होते बहुतेक, कारण पप्पाही माझ्याबरोबर म्हणायला लागले, "तिकडं… तिकडं… आता हिकडं…"

ते बांध ओलांडून अलीकडं आलं. मोकळ्या रानावर.

मी तेव्हाच उतरवायला पाहिजे होतं. शहाण्या माणसानं उतरवलं असतं. पण मी एक चक्कर मारली. मग आणखी एक, मोठी. मग मुद्दाम डावीकडून एक, बांधापासून लांब, कारण मला बघायचं होतं की डावीकडं मी माझ्या मनानं वळू शकते का. वळले! मी नुसती हसत होते.

"आता कंच्या मोडवर हाय?" पप्पांनी विचारलं. टेप अजून मिशीला.

"कुठल्याच नाही! मीच आहे!"

"मग बोलू नको. चालव."

उतरवायला घेतलं. मोटर कमी, नाक किंचित वर, पंख सरळ. ते खाली आलं, गवताला पोट लागलं आणि घसरत निघालं, घसरत, घसरत, आणि हा शेवटचा भाग माझ्या हातात नव्हता, कारण घसरत ते बांधाकडंच चाललं होतं. बांधाच्या मातीला नाक टेकलं आणि थांबलं.

मामा निघाले. हात मागं बांधून, कंपनीत पार्ट बघायला निघतात तसे, सावकाश. आम्ही मागून. विमानापाशी जाऊन ते वाकले. नाक बघितलं. बांध बघितला. बांधाच्या पलीकडं झेंडूची पहिली ओळ, तिला धक्का नाही, एक पाकळी पडलेली नाही. पंखाची फक्त सावली रोपांवर गेलेली. मामांनी सावलीकडं जरा जास्तच वेळ बघितलं.

"मामा, सावली धरायची नाही हं," मी म्हणलं.

मामा सरळ झाले. पप्पांकडं बघितलं आणि ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाले, "जॉब ओके."

पप्पांनी मिशीची टेप काढली. कुंकू लागलेलं ते विमान उचललं, उलटंसुलटं करून बघितलं आणि माझ्या हातात दिलं. "कर आता बंद. निघाला पहिला जॉब."

मी बॅटरी काढली, आणि मग मी जी उडी मारली ना, मामींचा पदरच माझ्या पायाखाली आला.

"पण नारळ तुम्ही ठेवला होता," मी पप्पांना अंगणात येता येता म्हणलं.

"मी ठेवला. बॅटरी कुणी लावली?"

"तुम्ही सांगितलं म्हणून!"

"देवाचा नारळ हाय तो, त्येला नाव ठेवू नको."

मामांनी तो नारळ ट्रॅक्टरच्या चाकापाशी दगडावर आपटला. एका फटक्यात दोन भकलं. पाणी तांब्यात धरलं, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मामींच्या पुढं न करता, पप्पांच्या पुढं न करता, माझ्यापुढं केला. "घे. ह्यानंच तुला वाकडं नेलं न्हवं? खाऊन टाक त्येला."

इतकं गोड खोबरं मी परत खाल्लं नाही, शप्पथ.

जेवणं झाली. पुरणपोळीनं डोळे मिटायला लागले होते सगळ्यांचे. टेम्पो यायला वेळ होता. मामींनी कलश उचलला, पाटावरचे तांदूळ झटकले आणि पाट माझ्याकडं दिला. "तुझा बाई तो तुलाच."

मी पाट घेऊन मोकळ्या रानात गेले. खाली माती सारली, इकडून तिकडून वाकून बघितलं, विमान ठेवलं, बॅटरी लावली. पट्ट्या दोनदा फडफडल्या. आता आई मोड परत अगदी ठीक होता. बटण मात्र मी खालीच ठेवलं. टेपचा गोळा पप्पांच्या खिशात होता आणि त्यांनी तो परत दिला नाही, मीही मागितला नाही.

पप्पांनी विमान फेकलं. मी उजवीकडं वळवलं, माळरानावरून एक फेरी घेतली, परत आणलं. मामा बाजेवर पडल्या पडल्या कोपरावर टेकून बघत होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी हाक मारली.

"पोरी! नुसतं तिकडंच काय फिरवतीस? झेंडूवरनं ने की एकदा. बगू दे कसं दिसतंय!"

मी पप्पांकडं बघितलं. पप्पांनी हात मागं बांधले होते.

मी डावीकडं वळवलं.